युद्धकालीन छावणीचें छायाचित्र

श्रोतेहो, छायाचित्र खोटें बोलत नाहीं, अशी आपणां सर्वांची एक समजूत आहे. यंत्रापुढें जें असेल तेंच त्यांत उमटतें, तेथें मनुष्याच्या लहरीला वाव नाहीं, असें आपण धरून चालतों. ही समजूत अर्धीच खरी आहे. छायाचित्र स्वतः खोटें बोलत नसेल. परंतु त्याच्याखालीं आपण जी ओळ लिहितों ती पुष्कळदां खोटें बोलते, आणि वरच्या चित्राच्या खरेपणामुळें त्या खोट्या ओळीवरहि लोकांचा विश्वास बसतो. हा धडा मला माझ्या स्वतःच्याच चुकीनें मिळाला. ती चूक प्रथम सांगतों, म्हणजे आजच्या विषयाचें महत्त्व आपोआप ध्यानांत येईल.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक साधा शिक्षक. सोलापुरांत लहान वर्गांना इतिहास-भूगोल शिकविण्यांत आयुष्य गेलें. कॅमेऱ्याचा नाद मात्र तरुणपणापासूनचा. निवृत्तीच्या आधीं कांहीं वर्षें मी कोल्हापुरास आप्तांकडे गेलों होतों. त्या शहराच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर वळिवडें नांवाचें गांव आहे, व त्याला लागूनच गांधीनगर ही कापडाच्या ठोक व्यापाराची मोठी पेठ आहे. दुसऱ्या महायुद्धांत येथें पोलंड देशाच्या लोकांची छावणी होती, एवढेंच मला ऐकून ठाऊक होतें. तेथें एका गल्लींत जुनाट कौलांची लांबट इमारत दिसली. मीं तिचें छायाचित्र घेतलें, सोलापुरास आल्यावर तें मोठें करवून घेतलें, आणि शाळेच्या प्रदर्शनांत लावून खालीं ठसठशीत अक्षरांत लिहिलें: ‘दुसऱ्या महायुद्धांतील पोलिश कैद्यांची बराक’. पालकांनीं तें वाखाणलें. माझ्या वर्गांतील मुलांनीं ती ओळ वहींत उतरून घेतली. कोणासहि शंका आली नाहीं. मला तर नाहींच नाहीं.

पुढील वर्षीं त्या चित्राची एक प्रत घेऊन मी पुन्हां त्याच गल्लींत गेलों. इमारतीच्या ओट्यावर एक वृद्ध सिंधी गृहस्थ बसले होते. मीं मोठ्या हौसेनें चित्र त्यांच्या हातीं दिलें. खालची ओळ त्यांनीं दोनदां वाचली. मग म्हणाले, “गुरुजी, हें घर माझ्या वडिलांनीं बांधलें. छावणीच्या बराकी आम्हीं पाहिल्या, लहानपणीं त्यांतच राहिलों; पण ही ती नव्हे. आणि आमच्या आधीं जे लोक येथें राहून गेले ते कैदी नव्हते. घर गेलेलीं माणसें होतीं तीं. आमच्यासारखींच.”

“काका, चूक झाली,” एवढेंच मी बोलूं शकलों. त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. त्यामुळेंच तें अधिक लागलें. एका ओळींत मीं दोन चुका केल्या होत्या. एका कुटुंबाच्या राहत्या घराला मीं तुरुंग ठरविलें होतें, आणि आश्रयाला आलेल्या निरपराध लोकांना कैदी. चित्र मीं शाळेंतून काढून घेतलें; परंतु वह्यांतून ती ओळ कशी काढावी? तीं मुलें तोंवर दुसऱ्या शाळांत पांगलीं होतीं. ती चूक आतां कोणाकोणाच्या घरीं नांदत आहे, हें मला शोधून काढतां येत नाहीं.

म्हणून अशा स्थळाचें छायाचित्र घेण्यापूर्वीं पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, कीं ही छावणी कोणत्या प्रकारची होती? ‘छावणी’ हा शब्द एकच असला तरी युद्धकाळांत तारेच्या आंत राहणाऱ्या लोकांचे निदान चार प्रकार असतात, आणि चारहींचीं उदाहरणें आपल्या महाराष्ट्रांतच आहेत.

पहिला प्रकार युद्धकैद्यांचा. लढतांना पकडलेले शत्रूचे सैनिक ते युद्धकैदी. दक्षिण आफ्रिकेंतील १८९९ ते १९०२ च्या युद्धांत इंग्रजांनीं पकडलेल्या बोअर लोकांपैकीं कांहींना समुद्रापलीकडून आणून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, ठेवलें होतें. युद्धकैद्यांना कसें वागवावें याविषयीं १९२९ सालीं जिनीव्हा येथें राष्ट्रांनीं करार केला. त्या करारांत, कैद्यांचें अपमानापासून व लोकांच्या कुतूहलापासूनहि रक्षण केलें पाहिजे, असें स्पष्ट म्हटलें आहे. छायाचित्र घेणारानें हें कलम विसरूं नये. पकडलेल्या माणसाचा चेहरा म्हणजे तमाशा नव्हे, हें तत्त्व त्या मागें आहे.

दुसरा प्रकार नजरबंद नागरिकांचा. युद्ध पुकारलें जातें त्या दिवशीं शत्रुराष्ट्राचे जे व्यापारी, मिशनरी, डॉक्टर, कारागीर आपल्या देशांत असतील, त्यांनीं कांहीं गुन्हा केला नसला तरी केवळ जन्मभूमीमुळें त्यांना अडकवून ठेवितात. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें तेव्हां हिंदुस्थानांतील पुष्कळ जर्मन लोकांना अहमदनगरच्याच छावणींत ठेवण्यांत आलें. १९३९ नंतर नाशिकजवळचें देवळाली, उत्तरेंतील डेहराडून अशा ठिकाणीं हीच व्यवस्था झाली. पुण्याजवळच्या पुरंदर किल्ल्यावरहि अशा लोकांना ठेवलें होतें. त्यांत एक दैवदुर्विलास असा, कीं हिटलरच्या छळाला कंटाळून पळून आलेल्या कित्येक ज्यू लोकांनाहि, त्यांच्याजवळ जर्मन कागदपत्र असल्यामुळें, आरंभीं शत्रु समजून अडकविण्यांत आलें. हर्मन गोएट्झ या जर्मन कलेतिहासकारानें पुरंदरावरील सक्तीच्या मुक्कामांत त्या गडाच्या वास्तूंचा अभ्यास केला व पुढें तो प्रसिद्धहि केला. ज्या भिंतींनीं त्याला कोंडलें त्याच भिंतींचा त्यानें इतिहास लिहिला. अशा नागरिकांना संरक्षण देणारा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार मात्र व्हावयास १९४९ साल उजाडावें लागलें.

तिसरा प्रकार आपल्याच देशांतील राजकीय स्थानबद्धांचा. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं पहाटे मुंबईंत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडून गांधीजींना पुण्याच्या आगाखान महालांत व कार्यकारिणीच्या सभासदांना अहमदनगरच्या किल्ल्यांत नेण्यांत आलें. आगाखान महालांत १५ ऑगस्ट १९४२ रोजीं महादेवभाई देसाई व २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं कस्तुरबा यांचा अंत झाला. किल्ल्यांत पंडित नेहरूंनीं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला, व मौलाना आझादांनीं आपलीं प्रसिद्ध उर्दू पत्रें लिहिलीं. हे लोक शत्रुराष्ट्राचे नव्हते व सैनिकहि नव्हते. त्यांच्यावर खटला झाला नव्हता. त्यांच्या खोलीच्या चित्राखालीं ‘युद्धकैदी’ असें लिहिलें तर इतिहास उलटा होईल.

आणि चवथा प्रकार निर्वासितांचा. वळिवडेंची छावणी ह्या प्रकारची होती. पहिल्या तिघांना बाहेर जाण्याची बंदी असते. निर्वासिताला परत जाण्यास घर नसतें. तार एकीकडे आंतल्यांना कोंडण्यासाठीं असते, तर दुसरीकडे आंतल्यांना सांभाळण्यासाठीं. चित्रांत तार सारखीच दिसते. फरक सांगावा लागतो तो शब्दांनीं.

आतां वळिवडेंची हकीकत थोडक्यांत ऐका. १ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें पश्चिमेकडून व १७ सप्टेंबर रोजीं सोव्हिएट रशियानें पूर्वेकडून पोलंडवर स्वारी केली. पूर्व पोलंडांतील लाखों लोकांना १९४० व १९४१ सालीं रशियानें घराबाहेर काढून, मालगाड्यांत भरून, सैबेरिया व कझाकस्तान या प्रदेशांत नेलें. तेथें थंडी, उपासमार व रोगराई यांनीं पुष्कळ मेले. जून १९४१ मध्यें जर्मनी रशियावरच उलटली, तेव्हां जुलै महिन्यांत रशियानें लंडनमधील पोलिश सरकारशीं करार करून ह्या लोकांना मोकळें केलें. जनरल आन्डर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर १९४२ सालीं एक लाखाहून अधिक पोलिश माणसें इराणांत पोहोंचलीं. त्यांत सैनिकांखेरीज हजारों बायका व अनाथ मुलें होतीं. ह्या लोकांना ठेवावयाचें कोठें, हा प्रश्न उभा राहिला. त्या वेळीं नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं जामनगरजवळ बालाचडी येथें शेंकडों मुलांना आश्रय दिला. त्यानंतर १९४३ सालीं कोल्हापूर संस्थानच्या हद्दींत, पंचगंगेच्या कांठीं, वळिवडें येथें मोठी छावणी उभी राहिली. तेथें सुमारें ५,००० पोलिश लोक राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेंच होतीं, कारण कर्ते पुरुष कोठें तरी लढत होते, नाहीं तर मरून गेले होते.

लांबट बराकींचे लहान लहान भाग पाडून एकेका कुटुंबाला दिलेले होते. छावणींत पोलिश भाषेच्या शाळा होत्या, दवाखाना होता, देऊळ होतें, बालवीर-पथकें होतीं, नाटकें व नाच होत. कोल्हापूरच्या बाजारांत ह्या लोकांची ये-जा असे. युद्ध संपलें तरी त्यांचें दैव उघडलें नाहीं. जुलै १९४५ मध्यें इंग्लंडनें लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, आणि पूर्व पोलंड तर रशियाच्याच हद्दींत गेला. ज्या गांवाची वाट पाहत मुलें मोठीं झालीं तें गांवच परदेशांत गेलें. म्हणून पुष्कळ लोक मायदेशीं न जातां इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा देशांत पांगले. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. आणि त्याच सुमारास, फाळणीनें घरदार सुटलेले सिंधी लोक तेथें वसविण्यांत आले. एका बेघर समाजानें सोडलेल्या चुली दुसऱ्या बेघर समाजानें पेटविल्या. आजचें गांधीनगर तें हेंच. छावणीच्या मूळ बराकी आतां बहुतेक राहिल्या नाहींत. पोलिश लोकांनीं कृतज्ञतेनें उभारलेला एक स्तंभ कोल्हापूरच्या महावीर उद्यानांत आहे, आणि वळिवडें येथेंहि २०१९ सालीं स्मारक उभारण्यांत आलें.

असें स्थळ जेव्हां आपण छायाचित्रांत घ्यावयास जातों तेव्हां मोठी अडचण अशी, कीं जें दाखवावयाचें तेंच तेथें नसतें. मग करावयाचें काय? अनुभवानें जे तीन उपाय मला सांपडले ते सांगतों.

पहिला उपाय, जुन्या छायाचित्राची जागा शोधणें. छावणीचें एखादें जुनें चित्र मिळालें तर तें ज्या ठिकाणीं उभें राहून घेतलें त्याच ठिकाणीं उभें राहून आजचें चित्र घ्यावें. ती जागा अंदाजानें नव्हे, भूमितीनें सांपडते. समजा, जुन्या चित्रांत जवळच्या एका खांबाच्या अगदीं मागें दूरच्या टेकडीचें शिखर आलेलें आहे. आपण उभे राहिलों तों तें शिखर खांबाच्या उजव्या बाजूस दिसतें. अशा वेळीं आपण डावीकडे सरकावें. सरकतां सरकतां शिखर खांबाच्या मागें लपेल. तेथें आपण एका सरळ रेषेवर आलों. आतां चित्रांतील दुसरी अशीच जोडी घ्यावी, उदाहरणार्थ एखाद्या घराचा कोपरा व देवळाचा कळस. तिचीहि रेषा काढावी. दोन रेषा जेथें एकमेकींना छेदतात तेंच जुन्या छायाचित्रकाराचें उभें राहण्याचें ठिकाण. ध्यानांत ठेवावें, कीं जवळच्या व दूरच्या वस्तूंची सांगड उभें राहण्याच्या जागेवर अवलंबून असते, भिंगावर नव्हे. भिंगानें फक्त दृश्य किती रुंद मावतें तेवढें ठरतें. तेव्हां यंत्र साधें असलें तरी हें काम अडत नाहीं. आजकालच्या फोनवरहि तें होतें.

दुसरा उपाय, उन्हाची वेळ निवडणें. पडलेल्या इमारतीचा चौथरा गवतांत वीतभर उंच उरला असेल तर भर दुपारीं तो दिसणारहि नाहीं, कारण त्या वेळीं सावली पायाशींच असते. सकाळीं उजाडल्यावर किंवा सायंकाळीं सूर्य कलल्यावर सावल्या लांब पडतात, आणि वीतभर उंचवटाहि रेघेसारखा उठून दिसतो. उन्हाळ्याच्या तोंडाशीं आणखी एक चमत्कार होतो. जमिनीखालीं दगडी पाया असेल तेथें माती थोडी, म्हणून ओल थोडी. तेवढ्याच पट्ट्यांतील गवत आधीं वाळतें. हिरव्या मैदानावर पिवळी रेघ दिसली तर ती गेलेल्या भिंतीची असूं शकते. पुराणवस्तुशास्त्रज्ञ ह्या खुणेचा उपयोग करतात. मात्र ती रेघ पाण्याच्या नळाचीहि असूं शकते. म्हणून ‘असूं शकते’ हा शब्द सोडूं नये.

तिसरा उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षिलेला. तो म्हणजे विचारणें. छावणीची जागा हें पुष्कळदां आज कोणाचें तरी अंगण असतें. आपल्या सोलापुरांतील उदाहरण घ्या. ‘सेटलमेंट’ नांवाचा भाग आपणां सर्वांस परिचित आहे. त्याचा युद्धाशीं संबंध नाहीं. पण १८७१ पासूनच्या कायद्यांनीं सबंध जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून तारेच्या आंत ठेवण्याची जी रीत पडली, तिची ती खूण आहे. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. तार गेली, माणसें तेथेंच राहिलीं, त्यांचीं नातवंडें शिकलीं, नोकरीस लागलीं. तेथें कोणी परगांवचा मनुष्य यंत्र घेऊन आला आणि न विचारतां दारापुढें चित्रें घेऊं लागला, तर त्या घरांतील माणसास काय वाटेल? जें आपल्या गांवांत आपणांस कळतें तें दुसऱ्याच्या गांवींहि कळलें पाहिजे. दारावर थाप मारून आधीं आपलें नांव सांगावें, येण्याचें कारण सांगावें, आणि ‘नको’ म्हटलें तर निमूटपणें यंत्र पिशवींत घालावें.

सरकारी व लष्करी जागांची गोष्ट निराळी. अहिल्यानगरचा किल्ला लष्कराच्या ताब्यांत आहे. पुरंदरावरहि लष्कराचा अंमल आहे. अशा ठिकाणीं दारावरील पहारेकऱ्यास विचारल्यावांचून यंत्र बाहेर काढूं नये. निषिद्ध जागांबाबत १९२३ चा सरकारी गुपितांचा कायदा कडक आहे, आणि इतिहासाची आवड हें कायद्यापुढें निमित्त होत नाहीं. परवानगी मिळेल तेवढेंच घ्यावें. न मिळाल्यास दृश्य डोळ्यांनीं पाहून घरीं येऊन लिहून काढावें. स्मशानांतील थडग्यांचें चित्र घेतांनाहि हाच विवेक ठेवावा.

आतां राहिली ती खालची ओळ, जिच्यापायीं मीं ठेंच खाल्ली. त्या दिवसापासून मीं एक नियम केला आहे. चित्राखालीं लिहावयाच्या मजकुराचे मी तीन भाग करतों: पाहिलेलें, ऐकलेलें आणि ताडलेलें. यंत्रापुढें जें होतें तें पाहिलेलें. कोणी सांगितलें तें ऐकलेलें, आणि तें कोणी सांगितलें हेंहि त्याबरोबर. पाहिल्या-ऐकल्यावरून मीं जें अनुमान काढलें तें ताडलेलें. हे तीन भाग एकमेकांत मिसळले, कीं चूक झालीच म्हणून समजा. माझी जुनी ओळ सबंध ताडलेली होती, आणि मीं ती पाहिलेल्याच्या थाटांत लिहिली होती.

त्याच छायाचित्राखालीं आज माझ्या संग्रहांत पुढील मजकूर आहे: ‘गांधीनगर, जिल्हा कोल्हापूर. एका सिंधी कुटुंबाचें राहतें घर. हें घर छावणीनंतर बांधलें, असें घरमालकांनीं सांगितलें. ह्या परिसरांत १९४३ ते १९४८ पर्यंत पोलिश निर्वासितांची छावणी होती.’ त्याखालीं चित्र घेतल्याचा दिवस, वेळ व माझें नांव. पूर्वींची ओळ अधिक ठसकेबाज होती, यांत शंका नाहीं. परंतु ही नवी ओळ मी त्या वृद्ध गृहस्थांपुढें धरूं शकलों. तिसऱ्या खेपेस मी गेलों तेव्हां त्यांनीं ती वाचली, चित्राची प्रत मागून घेतली व घरांत नेऊन देवांच्या तसबिरींशेजारीं लावली. मला प्रदर्शनांत मिळालेल्या कोणत्याहि शाबासकीपेक्षां तें अधिक वाटलें.

जातां जातां एक विनंती करतों. प्रत्येकाला वळिवडें किंवा पुरंदर येथें जातां येईल असें नाहीं. पण आपल्या प्रत्येकाच्या घरीं जुन्या पेटींत कांहीं छायाचित्रें असतात. कोणी सैन्यांत होता, कोणी बेचाळीसच्या चळवळींत स्थानबद्ध होता, कोणाचे आजोबा फाळणींत घर सोडून आले. हीं चित्रें ओळखणारें घरांतील शेवटचें वडील माणूस जिवंत आहे तोंवर आजच त्यांच्याजवळ बसा. प्रत्येक चित्राच्या पाठीमागें, शाईनें नव्हे, कारण ती पुढें फुटून येते, तर मऊ शिसपेन्सिलीनें, हलक्या हातानें लिहून ठेवा: कोण, कोठें, केव्हां, आणि हें कोणी सांगितलें. चार ओळी पुरतात. त्या न लिहिल्या, तर पन्नास वर्षांनीं माझ्यासारखा कोणी उत्साही मास्तर तें चित्र उचलील आणि आपल्या मनानें त्याखालीं कांहीं तरी लिहील. आणि तें वाचून ‘हें असें नव्हे’ म्हणावयास त्या वेळीं ओट्यावर कोणी बसलेलें नसेल.